रकान्यात न मावलेली बायको

स्टुटगार्टमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अभियंता होतो. नवे शतक सुरू होऊन काही वर्षे झाली होती. पत्नीच्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी आम्ही अर्ज केला, आणि नियमाप्रमाणे तिचा जन्मदाखला जोडला. तेथे घोटाळा झाला.

पासपोर्टवर तिचे सासरचे नाव होते, दाखल्यावर माहेरचे. आडनाव बदलते हे जर्मनांना ठाऊक असते. संगणकात त्यासाठी वेगळा रकानाही असतो. लग्नात नवरा बायकोचे पहिले नावही बदलतो, ही शक्यता यंत्र बनवणाऱ्याने धरलेली नव्हती.

अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आल्झो, म्हणजे असं की, नोंदीत दोन स्त्रिया दिसतात. दुसऱ्या बाई कोठे राहतात?"

"अहो, माळ्यावर ठेवलीय म्हणून सांगा," पत्नी मराठीत म्हणाली.

"गप्प बस. परवाना अडेल."

ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितात, हे मी त्याला सविस्तर समजावले. त्याने शांतपणे ऐकले व विचारले, "त्या तांदळाची छायाप्रत आहे?"

तो विनोद करत नव्हता.

दोन्ही कागदांवर एकच नाव हवे, त्याशिवाय परवाना नाही, असे ठरले. बाहेर येताच मी तोडगा काढला. गावाकडच्या नगरपालिकेत माझे एक मावसभाऊ होते. जन्मदाखलाच दुरुस्त करून घ्यावा.

"म्हणजे मी जन्मालाच तुमच्या घरी आले म्हणायची!" ती जिन्यातच थांबली. "पासपोर्टची मुदत संपतेच आहे. तो माझ्या नावाचा करू."

"तुझ्या म्हणजे?"

"बारशाच्या. दुसरं तुमच्या आत्याबाईंनी ठरवलं, तुम्ही नुसतं गिरवलंत. आणि इतक्या वर्षांत त्या नावानं हाक तरी मारलीत का? 'अगं' आणि 'ऐकलंस का', एवढ्यावर संसार झाला."

मी आठवून पाहिले. तिच्या म्हणण्यात चूक सापडली नाही.

प्रतिज्ञापत्र, गावाकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात आणि वकिलातीच्या चार खेपा झाल्या. प्रत्येक अर्जावर ती आपले नाव स्वतः लिहीत असे. मला पेन देत नसे.

नवा पासपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा त्याच टेबलासमोर बसलो. अधिकाऱ्याने पूर्ण नाव वाचायला घेतले. तो आडनावापर्यंत पोहोचायच्या आत ती "या, या", म्हणजे जर्मनमधले 'हो, हो', म्हणून मोकळी झाली. त्याने कळ दाबली. नोंदीतली एक बायको नाहीशी झाली. परवाना मिळाला.

परतताना एस-बान या लोकलगाडीत मी खिडकीबाहेर पाहत ते नाव एकदा उच्चारले.

"काय हो?"

काही काम नव्हते. "तिकीट नीट ठेवलंस ना?" असे विचारले.

"तुमच्याच खिशात आहे," ती म्हणाली.