घोडी थांबली का थांबायचं

लोधिवलीच्या मागं, डोंगराच्या पायाशी सुंदराबाईची वाडी आहे. चौक गावच्या नाक्यावर "घोडेवाली सुंदरा" म्हटलं की माणूस हातातला चहा न सांडता हनुवटीनंच पाणंद दाखवतो. त्या पाणंदीतला खड्डा न् खड्डा मला पाठ आहे. बंगलेवाल्यांनी कंपाउंड टाकून ती बंद केली तेव्हा मी तीन वर्षं खालापूरला तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पाणंद मोकळी झाली. पण तिच्या टोकाला जी वाडी आहे, ती सुंदराबाईनं आतून बंद करत आणली. एकेक जागा करून.

घोडेवाल्यांच्या घरात तिची चाळीस वर्षं गेली आणि जन्मात घोड्यावर बसली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लग्नात नवरा बसला. घरची घोडी, वरात फुकट. मी मागून चालत आली. तवापासून मागंच चालतेय गं."

नवरा म्हणजे आबाजी. माथेरानवर त्याची पाच घोडी. दसरा झाला की वर न्यायची, पर्यटक फिरवायचे, पाऊस लागला की खाली वाडीत आणायची. वर त्यांची नावं रॉकेट, टायगर, बादशहा. "गिऱ्हाईक शेवंतीवर बसत नाय, रॉकेटवर बसतं," असं आबाजीचं म्हणणं. वाडीत पाऊल टाकलं की नावं सुंदराबाईची: शेवंती, अबोली, तगर, जाई, कण्हेर. घोडीसुद्धा शहाणी. वर रॉकेट म्हटलं की कान हलवायची, खाली शेवंती म्हटलं की.

आणि बाग! घोड्यांच्या लिदीचं खत पावसाळाभर मुरायचं आणि उन्हाळ्यात मोगरा असा फुटायचा की पाणंदीच्या तोंडाशी वास. विहिरीकडेला केळी, तिच्यापलीकडं तोंडलीचा मांडव, दाराशी सोनचाफा. सकाळी सातला केळीच्या पानात गुंडाळलेले गजरे घेऊन ती चौकच्या स्टँडवर. कुणी म्हटलं, मावशी फुलं टपोरी आहेत, की हिचं ठरलेलं उत्तर, "पाच घोडी चार महिने हगतात म्हणून बाग आठ महिने हसते." गिऱ्हाईक बाई गजरा नाकापासून लांब धरायची.

या घराचा एक नियम होता. घोडी थांबली का थांबायचं. डोंगर उतरताना पुढची जाणती घोडी अडली तर तिला ओढायचं नाही, मारायचं नाही. माणसाला दिसत नाही ते तिच्या खुराला कळतं. माती सुटली असेल, साप असेल, दरड हलली असेल. आबाजीनं हा नियम साईनाथला, म्हणजे पोराला, चालायच्या आधी शिकवला. मलाही ऐकवायचा. मी तावातावानं बोलायला लागले की म्हणायचा, "जयवंता, तुझ्यात घोडीची अक्कल नाय. थांब जरा."

आता माझं सांगते, कारण टाळून चालणार नाही.

दोन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, पाणंदीची सुनावणी लागली. मुख्य अर्जदार आबाजी. तो वर माथेरानला, शेवटची शेवंती घेऊन उतरायचा बाकी. आदल्या संध्याकाळी मी फोन केला. "उद्या अकराला खालापुरात पाहिजे. तुम्ही नसलात तर मी तोंडावर पडेन." तो म्हणाला, पाऊस लागून आठ दिवस झालेत, नेरळच्या रस्त्यानं यायला दिवस जाईल. मी म्हटलं, "ते मला सांगू नका. जुनी वाट आहे ना?"

जुनी वाट म्हणजे माथेरानवरून चौकच्या अंगाला उतरणारी पायवाट. घोडी तिकडून आता कुणीच उतरवत नाही. आबाजीही उन्हाळ्यातच उतरवायचा.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बंगलेवाल्यांचा वकील हसत होता. मी शंभर माणसांपुढं ओरडले, "घोडेवाला शेवटी घोड्याच्याच मागं जाणार! मेला असेल कुठं!"

असं बोलले मी. ह्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं आणायला गेलेल्या धाऊला शेवंती दिसली. जुन्या वाटेच्या वळणावर उभी, दोर गळ्यातून खाली लोंबलेला, अंग भिजून काळं पडलेलं. तिच्या पुढच्या खुरापासून दोन हातांवर वाट तुटली होती. खाली आबाजी.

गावानं एका दिवसात निकाल लावला. घोडी थांबली होती, आबाजीला घाई होती, त्यानं ओढली, ती हलली नाही म्हणून हा पुढं गेला. सगळ्या जन्माचा नियम त्यानं एकदा मोडला. सुंदराबाईनं ते ऐकून घेतलं. घाई कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

साईनाथ खोपोलीला कंपनीत लागला. चार घोडी गेली. शेवंती उरली, म्हातारी, कुणी घेईना. सुंदराबाई रोज सकाळी तिला दोर लावून वाडीत फिरवायची आणि तिथून हे सुरू झालं.

आधी मोगऱ्याच्या वाफ्याशी शेवंती थांबली. ओढली नाही. सुंदराबाईनं वाफ्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं आणि मागं फिरली. त्या दिवसापासून मोगरा तोडणं बंद. फुलं उमलून तिथंच तपकिरी व्हायला लागली. मग तोंडलीच्या मांडवाखाली थांबली. मांडवही बंद. गेल्या माघात विहिरीच्या वाटेवर, केळीपाशी थांबली. सुंदराबाईनं मोटारच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. नळाला पाणी दिवसाआड, तेही हंडाभर. बाग वाळायला लागली. "तिला दिसतंय," एवढंच म्हणायची. "एकदा नाय ऐकलं, काय झालं बघितलं ना?"

चैत्रात साईनाथचा फोन आला. "ताई, आईला तुमीच सांगा. काल शेवंती दारातच थांबली. सोनचाफ्याखाली. आई म्हणते, पुढच्या दारानं आता कुणी जायचं नाय. संजनाला सातवा महिना हाय, तिनं काय मागच्या कुंपणावरून उड्या मारायच्या? मी रविवारी टेंपो सांगितलाय. घोडी जाईल तरी, नायतर आमी खोपोलीला खोली घेऊन जातो. दोन्ही नाय चालायचं."

"आणि आई?"

"आई म्हणते, घोडी गेली का मी पण त्याच वाटेनं जाते. कुठली वाट ते समजा तुमी."

समजलं मला. शनिवारी दुपारी मी जनावरांचा डॉक्टर घेऊन गेले. हर्षद नाव, नवा पोरगा, पण जनावराला हात लावण्याआधी बोलतो, म्हणून मला आवडतो. मनात माझं सगळं तयार होतं. म्हणणार होते, वैनी, जनावर म्हातारं झालं की अडतं, भुताखेताचं काही नसतं. असली भाषणं मी चौकाचौकात दिलेली आहेत.

मागच्या कुंपणातून आत शिरलो. पायाखाली पाचोळा. मांडवावर तोंडलीच्या वाळक्या काड्या. आणि त्या सगळ्यात मोगऱ्याचा वास, तोडलाच नाही तो, आंबूस, गोड, देवघरातल्या शिळ्या निर्माल्यासारखा. बोलायला तोंड उघडलं की घशात उतरत होता.

सुंदराबाई ओट्यावर बसली होती, शेजारी साईनाथ आणि सून संजना. "ये. डाक्टर आणलास. मला बघायला का तिला?"

"तिला," मी म्हटलं. "तुम्हाला बघायला मोठा लागेल."

"तोंड गेलं नाय तुझं," ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा, थोडीशी.

हर्षदनं शेवंतीच्या मानेवरून हात फिरवला. मग डोळ्यापुढं बोट नेलं. पापणी हलली नाही. बॅटरी मारली. उन्हात मलाही दिसलं, बुबुळावर दुधाची साय धरावी तसं निळसर पांढरं.

"आजी, ही आंधळी आहे," तो म्हणाला. "उजवा डोळा पूर्ण. डावा उजेड-अंधार कळण्यापुरता."

"म्हातारी झाली," सुंदराबाई म्हणाली.

"म्हातारपणाचं नाही हे. जुनं दुखणं आहे, येतं-जातं, येतं-जातं आणि डोळा घेऊन जातं. चार वर्षं तरी झाली असतील."

"चार?" साईनाथ ओट्यावरून उठला. "चार वर्षांपूर्वी तर बाबा हिच्यावर माणसं फिरवत होते!"

"नाय," सुंदराबाई हळूच म्हणाली. "शेवटची दोन वर्षं हिच्यावर कुणाला बसवलं नाय त्यानं. मला म्हणाला, पाठ दुखते तिची. नुसतीच वर न्यायचा आणि आणायचा." तिनं शेवंतीच्या कानांकडं पाहिलं. मग म्हणाली, "काठी."

"कसली काठी, आई?" संजनानं विचारलं.

"आतली. खुंटीवरची."

संजना आत गेली आणि काठी घेऊन आली. आबाजीची बांबूची काठी, दरीतून त्याच्याबरोबर वर आलेली. वरच्या टोकाला घुंगरांचा झुबका. मला ती आठवत होती. म्हातारपणी नाच्या झालाय, म्हणून मी त्याला चिडवलं होतं. तो तसाच वाजवत पुढं गेला होता.

संजनाच्या हातात काठी हलली. घुंगरं वाजली.

शेवंतीनं मान वर केली. दोन्ही कान पुढं. अंगावरची कातडी थरथरली, आणि ती चालत आली. सोनचाफ्याखालून, दाराच्या त्याच जागेवरून, जिथं परवा गपकन थांबली होती. सरळ काठीपाशी आली आणि तिनं नाक घुंगरांना लावलं.

हर्षदला काहीच माहीत नव्हतं. तोच सहज म्हणाला, "आवाजामागं चालायची सवय लावलीय कुणीतरी. छान लावलीय. आवाज थांबला की ही थांबणार."

मला आधी कळलं का सुंदराबाईला, सांगता येत नाही. तिचं तोंड बघून मला कळलं एवढं खरं. ती ओट्याची कड धरून उभी राहिली.

"म्हंजे घोडी आधी थांबली नव्हती," ती म्हणाली. "तो पुढं चालत होता. वाजवत. वाट त्याच्या पायाखाली सुटली. घुंगरू थांबलं, मग ही थांबली." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यानं ओढली नाय तिला."

"नाय ओढली, आई," साईनाथ म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या रं. मनातल्या मनात. एवढं शिकवून सोताच कसं विसरलास म्हणून."

संजना जड पायांनी खाली बसली. ती पोरगी तोंडाची खरी आहे. म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नका. तुमी शेवंतीला फिरवताना सारखं बोलत असता. ये गं, चल गं, खड्डा हाय गं. मोगऱ्याशी आलात का गप होता. मांडवाखाली गप होता. विहिरीपाशी गप होता. मी खिडकीतून रोज बघते. परवा चाफ्याखाली पण गप झालात. मग ती थांबते."

सुंदराबाई तिच्याकडं बघत राहिली. मोगऱ्याचं पहिलं रोप आबाजीनं माथेरानहून खांद्यावर आणलं होतं. मांडव त्यानं बांधला. विहिरीवर चामडी वहाणा काढून तो अंघोळ करायचा, ही पाठ चोळायची. चाफ्याखालून त्याला शेवटचा नेला.

साईनाथनं फोन काढला आणि बाजूला जाऊन टेंपोवाल्याला सांगितलं, "दत्ता, उद्या येऊ नको. नाय, नाय विकायची. डोंबलाचं कारण, नाय विकायची म्हणजे नाय."

मला तेव्हा गप बसता आलं असतं. सगळ्यांचं सुटलं होतं, माझं कुणी विचारत नव्हतं. पण मोगऱ्याचा वास घशात बसला होता.

"वैनी, त्यांना जुन्या वाटेनं यायला मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "फोन करून. ते नको म्हणत होते. आणि नाही आले म्हणून शंभर माणसांत मी त्यांना मेला असेल म्हणाले."

साईनाथ वळला. संजनानं पदर तोंडाला लावला. सुंदराबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती शेवंतीच्या कपाळावरचे केस सारखे करत होती.

"ओरडलीस ते ठावं हाय," ती म्हणाली. "शंभरातलं एक तरी माणूस आमच्या गावचं असणारच की. फोनचं ठावं नव्हतं."

मी वाट बघत होते, ती मला शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला शिवी देता येते.

तिनं कमरेची किल्ली सोडून साईनाथला दिली, आणि काठी माझ्या हातात. "चल. विहिरीपर्यंत ने तिला."

"मी?"

"तूच. पुढं चाल. वाजवत. आणि हळू. तुला घाई फार."

मी चालायला लागले. दर पावलाला काठी टेकत. छन्न. छन्न. मागं शेवंतीच्या टापा, त्यांच्या मागं सुंदराबाईची अनवाणी पावलं. आयुष्यात इतकी हळू मी कधी चालले नव्हते. दोनदा पाय आपोआप पुढं पळाला आणि दोनदा मागून आवाज आला, "हळू गं." मोगऱ्याचा वाफा गेला. मांडव गेला. सुंदराबाई बोलत होती, "ये गं, खड्डा हाय गं," पण आवाज तिचाच ओला झाला होता. केळीची जागा आली. घोडी थांबली नाही. ऊन अजून होतं, विहिरीच्या कठड्यावर आमच्या सावल्या पडल्या होत्या.

साईनाथ, संजना आणि डॉक्टर ओट्यावरच होते, इथून दिसत होते. तिघंही.

कठड्याशी मी थांबले. घुंगरू थांबलं. टापा थांबल्या. सुंदराबाई थांबली.

मग मागं, पाचोळ्यात, अजून एक पाऊल वाजलं. जड, चामडी वहाणेचं. आणि थांबलं.

मी मागं वळले नाही. कुणाच्या बापाला न भिणारी बाई मी, मानेची शीर ताठ करून विहिरीतल्या पाण्याकडं बघत उभी राहिले.

"ऐकलंस?" सुंदराबाईनं विचारलं. आवाजात भीती नव्हती. नव्या गिऱ्हाईकाला गजरा दाखवावा तसा होता.

मी काठी टेकलेलीच ठेवली.

"मग थांब जरा," ती म्हणाली. "तो पुढं जाईस्तोवर."

आम्ही थांबलो.