गेटच्या दांड्यावरचा दुपट्टा

इथे लोकांनी लिहिलेले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर खोड काढण्यासाठीच वाचते. कोणी 'अंगावर काटा आला' लिहिलं की माझे प्रश्न तयार — उजेड होता का, सोबत कोणी होतं का, फोटो का नाही काढला... काय करणार, नोकरीच तशी आहे. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या प्लॅटफॉर्मवर सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम पाळले जातात की नाही, हे तपासणाऱ्या सरकारी खात्यात मी इन्स्पेक्टर आहे. पुरावा नसेल तर आमच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते. आता माझीच पाळी आली आहे, आणि फोटो मीही काढलेला नाही. हसायचं असेल तर हसून घ्या.

माझं माहेर करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. समुद्र तिथून इतका लांब की मी नेमकं काय करते हे गावात अजून कोणाला पटलेलं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "दर्यातून तेल काढतेत मंतेस, मंग मासोळ्या जगतेत कशा?" मी म्हटलं, "तेच पाहासाठी मले पगार भेटते, काकू." त्यांना माझी थट्टा वाटली. पण खरंच, माझ्या कामाचा याहून चांगला अर्थ मला आजवर सांगता आलेला नाही.

बाबा आमच्या तलावाचे पाटकरी होते. कोणाच्या धानाच्या बांधीला कधी पाणी द्यायचं ते ठरवून गेट उघडणारा माणूस म्हणजे पाटकरी. तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, पाणी जायला एक मोरी आहे. तिच्यात गाळ, काड्या अडकल्या की कोणाला तरी वाकून आत शिरावं लागतं, आणि आत माणूस असताना वरून गेट उघडलं तर तो काही बाहेर येत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे — आत जाणाऱ्याने आपला दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचा गमछा, गेटच्या लोखंडी दांड्याला बांधायचा, आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. पाण्यावाचून धान वाळत असलं तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबा डावखुरे होते. त्यांच्या गाठीचं टोक नेहमी वर उभं राहायचं, त्यावरून अख्खं गाव त्यांना चिडवायचं. सहा वर्षांपूर्वी ते आजारपणात गेले.

नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये मला हेच मोठ्या थाटात शिकवलं गेलं. प्लॅटफॉर्मवर एखादी पाइपलाइन दुरुस्तीला घेतली की तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा, काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यावर आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. काम झालं की ज्याचं त्याने काढायचं. मला वर्गात हसू आलं होतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, दिवसांत मी चार दिवस गावी आले होते. येण्याआधी एका प्लॅटफॉर्मची एक लाइन मी बंद करायला लावली होती, कारण खालच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला होता. कंपनीने दुरुस्ती केली आणि कागद पाठवले. माझी मंजुरी मिळाली की लाइनमध्ये गॅस आणि तेल सोडायला ते मोकळे. वरिष्ठांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते — सुट्टीवर आहात कळतं, पण दुपारच्या आत उरका.

घरात नेटवर्क नाही. ते मिळतं तलावाच्या पाळीवर, गेटजवळच्या मोहाच्या झाडाखाली. दहाच्या सुमाराला मी लॅपटॉप घेऊन तिथे गेले. बॅग गेटच्या दांड्याला अडकवली आणि बसले. दांड्यावर तेव्हा काहीही नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, कारण बॅगेचा बंद मी स्वतः त्याला गुंडाळला होता.

तासभर फाइल वाचली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. गळतीची चाचणी, फोटो, काम संपल्याचा दाखला, सगळी कुलपं निघाल्याची सही. मंजुरीच्या बटणावर बोट नेलं, तेवढ्यात सुकदेवकाका आले. बाबांनंतर पाटकरीचं काम त्यांच्याकडे आहे. गेट उघडायलाच आले होते.

"मोरीत कोन गेला वो बाई?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाही, काका. मी तासभरापासून इथंच बसून राहिली."

"मंग हा कोनाचा?"

मी वळून पाहिलं. माझ्या बॅगेच्या खाली, दांड्याला दुपट्टा बांधलेला होता. पांढरा, हिरव्या काठाचा, ओला. पाणी टपकत होतं. गाठीचं टोक वर उभं होतं.

काकांनी वाकून गाठ निरखली. मग खाली उतरून मोरीच्या तोंडाशी गेले, दोनदा हाक मारली, वाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड दिसत होता. आत कोणी नव्हतं.

"आता उघडता का गेट?" मी विचारलं.

"कसा उघडू? बांधला हाय ना कोनीतरी." ते पाळीवर बसले. "तिकडं लोकं खोळंबून राहिले, खोळंबू दे. सोडनारा येईन तवा पाहू."

मी परत स्क्रीनकडे पाहिलं. सगळी कुलपं निघाल्याची सही... एकच सही होती. सुपरवायझरची. कुलपं पाच होती. यात बेकायदा काही नव्हतं, असे दाखले मी आजवर कितीतरी मंजूर केले होते. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. ज्याने बांधला त्याने सोडला का, हे मी, पाटकऱ्याची मुलगी, इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी प्लॅटफॉर्मच्या सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. पाचही जण समोर उभे करा आणि आपापलं कुलूप काढल्याचं त्यांनी स्वतः मला सांगू दे, म्हटलं.

"मॅडम, चार जण आहेत. पाचवा सकाळच्या बोटीने सुट्टीवर गेला. कुलूप विसरला होता, ते आम्ही कापलं. नियमाप्रमाणे नोंद आहे."

"बोटीत चढताना त्याला कोणी पाहिलं?"

"यादीत नाव आहे, मॅडम."

"मला यादी नको. माणूस द्या."

तो चिडला, ते कळत होतं. चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. समुद्र खवळला म्हणून बोट गेलीच नव्हती. पाचवा माणूस, पन्नाशीचा फिटर, रिकामा बसण्यापेक्षा म्हणून खालच्या डेकवर गेला होता. आपण बसवलेलं एक गॅस्केट, पाइपच्या जोडातली चकती, त्याला खटकत होतं. त्याने त्याच लाइनचा जोड पुन्हा उघडला होता, आणि बोल्ट बाजूला ठेवून निवांत काम करत होता. वर आपलं कुलूप आहे, या भरवशावर. मी मंजुरी दिली असती तर गॅस पहिल्यांदा त्याच्या तोंडावर आला असता. आग लागली असती तर पुढचं मला लिहवत नाही. तेल समुद्रात गेलं असतं, ते वेगळंच.

फोन ठेवला आणि मी रडले. काकांना फक्त एवढंच म्हणाले, "एक मानूस वाचला, काका."

काका दांड्याकडे पाहत होते. दुपट्टा नव्हता. आम्ही दोघं तिथून हललो नव्हतो, आणि दुसरं कोणी आलंही नव्हतं. दांडा ओला होता, माझ्या बॅगेचा बंदही.

"सोडला त्यानं," काका म्हणाले. मग उठून त्यांनी गेट उघडलं.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तो हिरव्या काठाचा त मी सरनावर त्याहिच्या अंगावरच देल्ला होता," ती म्हणाली आणि निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "जेवला का गं तो मानूस?"

त्यानंतर मी खात्यात टिपण दिलं, बरीच भांडाभांडी केली, आणि नियमात एक ओळ वाढली — माणसाचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय त्याचं कुलूप कापायचं नाही. टिपणात कारण काय लिहिलं ते विचारू नका. दुपट्ट्याचा उल्लेख अर्थातच नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तासाभरात कोणी येऊन गेलं आणि मला दिसलं नाही, असंही असेल... पण ती गाठ? काकांनीही पाहिली होती. मी शोधणं सोडून दिलं आहे. आता प्रत्येक फाइलच्या वेळी मी फोनवर एकेकाला बोलायला लावते. परवा त्याच प्लॅटफॉर्मची फाइल होती. पाचवा आवाज जरा घोगरा, वयस्क होता. "मॅडम," तो म्हणाला, "माझं कुलूप मी माझ्या हाताने काढलं." मग मी मंजुरी दिली.