मोटारीच्या कागदावरची सही

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माघ महिना होता. पोलादपूरहून उतारू घेऊन ते महाडला आले, मोटार नेहमीच्या जागी लावली आणि खाली उतरताना कोसळले. उतारूंनीच त्यांना उचलून गावातल्या आमच्या घरी आणलं. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही तुटक झालं.

मोटार त्यांची स्वतःची होती. ते मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. मुंबईला एका शेटजींच्या गाडीवर पुष्कळ वर्षं ड्रायव्हर होते. परवान्यावर सही करावी लागते, अंगठा चालत नाही, असं त्यांना कुणी तरी सांगितलं, म्हणून चाळीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून ते मोडी शिकले. सगळी नाही, आपलं नाव लिहिण्यापुरती. आमच्या वाडीत तोवर कुणालाच सही येत नव्हती. पुढे त्यांनी एक जुनी मोटार घेतली, मागे लाकडी बाकं बसवून तिची सर्व्हिस मोटार केली. मालक म्हणून कागदावर सही केली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आयचं बोट धरलं आणि त्या अक्षरांवरून फिरवलं. आयला वाचता येत नव्हतं. तरी ती हे सांगताना दरवेळी लाजायची.

फाल्गुनात कुणी तरी सुचवलं, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांत आंघोळ घालून बघा. न्यायचं कसं? पोलादपूरचा एक ड्रायव्हर वडिलांना दादा म्हणायचा, त्यांच्याच हाताखाली तो गाडी शिकला होता. तो म्हणाला, ‘‘मी नेतो. गाडी तर दारातच हाय.’’

वडील आपल्या मोटारीत मागच्या बाकावर पहिल्यांदाच बसले. आयनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. चढ आला की वडील पुढे झुकत आणि काही तरी सांगू बघत. तोंडातून नुसतं ‘‘द... द...’’ येई. ड्रायव्हर मागे न बघताच म्हणे, ‘‘होय दादा, दमानं घेतो.’’

सात-आठ खेपा झाल्या. गुण आला नाही.

चैत्रात तो ड्रायव्हर एकदा ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘‘दादा, राग मानू नका. गाडी उभी राहून कुजंल. मला द्या. परक्याच्या हातात जाऊ नये, म्हणून बोलतो.’’

वडिलांनी अंगणातल्या मोटारीकडे बघितलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली. आय आत जाऊन चुलीपुढे बसली.

व्यवहार ठरला, पण कागद अडला. मोटार नावावर करायची तर जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा, त्यावर विकणाऱ्याची सही हवी, आणि ती जुन्या कागदावरच्या सहीशी जुळायला हवी. नाही तर वडिलांना मामलेदारापुढे नेऊन अंगठा लावायचा.

‘‘अंगठा... नाय,’’ वडील म्हणाले. आजारपणानंतर इतकं स्पष्ट ते पहिल्यांदाच बोलले.

त्यांनी माझी पाटी मागितली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पाटी घरातच होती. रोज सकाळी मी पाटी धरून बसायचे आणि ते डाव्या हातानं आपलं नाव काढायचे. पेन्सिल मोडायची, रेघ भलतीकडे जायची. मग धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा. पूर्वीची त्यांची सही हात न उचलता एका दमात व्हायची, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून वर वळवलेली. पंधरा दिवसांनी नाव वाचता येऊ लागलं, पण जुन्या सहीशी त्याचं काही नातं नव्हतं.

एक दिवस दुपारी ड्रायव्हर घाईघाईनं आला. लग्नसराई तोंडावर आली होती. ‘‘उद्या एक जण जिल्ह्याला चाललाय. अर्ज त्याच्याबरोबर गेला तर बरं. संध्याकाळी घेऊन जातो, वैनी.’’ अर्ज बाहेरच्या कोनाड्यात ठेवून तो गेला. वडील जेवून झोपले होते.

आय अर्ज आणि दौत घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

‘‘गो, तुला येतं ना त्यांचं नाव?’’

‘‘आय, बा करतायत ना?’’

‘‘कधी व्हायचं ते? चार माणसांनी उचलून कचेरीत न्यायचं, सगळ्यांदेखत अंगठा धरून लावायचा. त्यांना सोसायचं नाय ते. तू काढ.’’

मी जुना कागद समोर ठेवला आणि सही केली. एका दमात, शेपटीसकट. हुबेहूब आली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला आनंदच झाला. आयनं अर्ज वाळवून पुन्हा त्याच कोनाड्यात ठेवला आणि ती म्हणाली, ‘‘त्यांना मी सांगीन सवडीनं.’’

संध्याकाळी ड्रायव्हर आला तेव्हा वडील जागे होऊन भिंतीला टेकून बसले होते. पाटी त्यांच्या मांडीवर होती. आम्ही कामात असताना त्यांनी एकट्यानंच नाव काढलं होतं. अक्षरं वाकडी होती, पण शेपटी वर वळली होती.

‘‘आण,’’ ते ड्रायव्हरला म्हणाले. ‘‘मी... करतो.’’

ड्रायव्हरनं कोनाड्यातला अर्ज काढला, उजेडात धरला आणि हसला. ‘‘केलीत की दादा! अगदी पयल्यासारखी!’’ त्यानं अर्ज त्यांच्यापुढे धरला.

वडिलांनी पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग आयकडे बघितलं, ती खाली बघत होती. मग माझ्याकडे. माझ्या बोटाला शाई होती, मी हात परकराआड घेतला.

‘‘होय,’’ ते ड्रायव्हरला म्हणाले. ‘‘केली.’’

त्यांनी पाटी पालथी करून बाजूला ठेवली. ड्रायव्हर त्यांच्या पाया पडून गेला.

ते मला रागावले नाहीत. आयलाही एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले तर त्यांनी तोंड फिरवलं. ‘‘नको, बाय,’’ म्हणाले. सवला जायचंही त्यांनी सोडलं. ड्रायव्हर स्वतः न्यायला यायचा, ते मान हलवून नाही म्हणायचे.

अर्ज मंजूर झाला. मोटार नव्या नावानं धावू लागली. भाद्रपदात वडील गेले. वाडीतली माणसं ड्रायव्हरनं मोटारीतून आणली आणि कुणाकडून भाडं घेतलं नाही. त्या दिवशी त्याला सगळं सांगून टाकावंसं मला फार वाटलं. मी त्याच्याजवळ गेलेही. आयनं मागून माझा हात धरला.

पुढे माझं लग्न पोलादपूरकडेच झालं. माहेरी येता-जाता त्याच मोटारीत बसायचे. तो मला ओळखायचा, पुढच्या बाकावर जागा द्यायचा, आणि नव्या उतारूंना सांगायचा, ‘‘हिच्या बाची गाडी ही. अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला, पण गड्यानं अंगठा लावला नाय! सही केली. मी सोताच्या डोळ्यांनी बघितली.’’

उतारू कौतुकानं माझ्याकडे बघायचे. मी पदर नीट करून बाहेर बघत बसायचे.