पऱ्हाटीची काडी

टीव्हीच्या धंद्यात मी विहिरीवरून आलो. आधी वडनेरच्या बाजूला शेतातल्या मोटरी दुरुस्त करायचो. तिकडं संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब लागलाय का, हे बघायला कंदील न्यावा. अशा विजेवर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि तिचा स्टार्टर खटकन पडून वीज तोडतो. मोटर जळू नये म्हणूनच तो पडतो. पण शेताचं ओलित अर्ध्यावर असताना हे कुणाला ऐकायचं असतं? आमच्याकडं त्यावर एकच उपाय. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी मोडायची आणि स्टार्टरच्या बटणाशी ठोकून बसवायची. मग त्याची काय बिशाद पडायची. मोटर चालायची. पुढं कधीतरी जळायचीही, पण जळलेली मोटर नव्या तारेनं भरायला पुन्हा मलाच बोलावत. त्यामुळे काडीविषयी माझं मत फार चांगलं होतं.

ऐंशीनंतर टीव्ही वाढले, तसं मी हिंगणघाटला दुकान टाकलं. ब्लॅक अँड व्हाइट सेट मला जमत. रंगीत सेट उघडला की मात्र मी चष्मा पुसत बसायचो. विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर त्याच्या पोटात नसायचाच. त्या जागी एक ट्रान्झिस्टर वीज भराभर चालू-बंद करत बसलेला, आणि त्याच्याभोवती कशाला आहेत ते न कळणारे बारके भाग. असे सेट मी "नागपूरले न्या" म्हणून परत पाठवायचो. एकच सेट पाठवता आला नाही. तो ताईच्या घरचा होता.

ताई अल्लीपूरला. भाऊजींचं किराणा दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. होकाराचा एक शब्द तेवढा उरला, "हाव." एकटं ठेवलं की ते खाटेवरून उतरायला बघत आणि पडत. धडधाकट असताना हौसेनं घेतलेला रंगीत टीव्ही समोर सुरू असला, की मात्र गप पडून राहत. तेव्हा टीव्हीचे कार्यक्रम लागायचे संध्याकाळी, आणि गावातलं गिऱ्हाईकही संध्याकाळचंच, शेतातून परतणारं. टीव्ही चालू तेवढा वेळ ताईचं दुकान चालू. घर त्याच्यावर चाललं होतं.

तो टीव्ही एक दिवस बंद पडला. मी एस.टी.नं गेलो.

बटण दाबलं की पडदा काळाच राही आणि आतून आवाज येई, टिक, थोडं थांबून टिक, पुन्हा टिक.

"काऊन रे, हे टिकटिक कायची व्हय?" ताईनं विचारलं.

आमच्या धंद्यात बिघडलेला सेट आधी बल्बमधून वीज देऊन तपासतात. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्क पेटतो, सेट वाचतो. मी बल्ब जोडला. तो जरा पेटला, विझला, पुन्हा जरा पेटला. असला निकाल मी कधी पाहिला नव्हता. पण न समजलेल्या गोष्टीवर मी कधी गप्प बसलेलो नाही.

"सेट चालू व्हाले पाह्यते, पण कोणतरी त्याले अडवून राह्यलं," मी म्हणालो.

हे अगदी खरं होतं. इथं थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो.

अडवणारं काय, ते मी शोधून काढलं. करंट मोजून ट्रान्झिस्टरला थांबवणारा एक छोटा रेझिस्टर होता, त्यावरून तारेचा तुकडा टाकला. शेजारी सेटला सावकाश सुरू करणारा एक कपॅसिटर होता. मला तो आळशी वाटला, तोही काढला. बल्बमुळे जोर मिळत नाही म्हणून शेवटी बल्बही सोडला.

"नीट होईन ना?" ताई दारातून म्हणाली. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

"भाऊजी, लावू का?"

"हाव," भाऊजी म्हणाले. ते सगळ्यालाच हाव म्हणत, हे मी सोयीनं विसरलो.

बटण दाबलं. टिकटिक थांबली. "झालं," असं म्हणायला तोंड उघडलं, तोच आत फटाका फुटला. धूर निघाला. वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर फुटला होता, छोटा ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि हे सगळे भाग बसवलेल्या पाटीचा कोळसा झाला होता. ती बनवणारी कंपनी तेव्हा बंद पडलेली. पाटी नागपुरातही मिळाली नाही.

पुढं एका प्रशिक्षणात शिकवलं, तेव्हा कळलं. असा सेट वीज मिळताच सगळा जोर लावत नाही. आधी थोडी वीज घेतो, मग वाढवत नेतो. पुढं शॉर्ट दिसला तर मागं सरतो, दम खातो, पुन्हा हळूच करून बघतो. ती टिकटिक म्हणजे तेच. शॉर्ट होता एका डायोडमध्ये. तसले डायोड माझ्या दुकानात बिस्किटाच्या डब्यात पडून होते.

टीव्हीच्या जागी मग मी बसू लागलो. जमेल त्या संध्याकाळी अल्लीपूरला जायचो आणि भाऊजींना माझ्या फजित्या सांगायचो. जळालेल्या मोटरी, काडी, विहिरीत पडलेली पक्कड. ते अर्ध्या तोंडानं हसत. ताई तेवढ्या वेळात दुकान उघडायची. पण मी काही रोज जाऊ शकत नव्हतो. दुकानाची फळी कधी उघडी, कधी बंद. गिऱ्हाईक हळूहळू स्टँडजवळच्या दुकानाकडं वळलं.

भाऊजी हिवाळ्यात गेले.

नंतर एकदा गेलो तर दुकान उघडं होतं. आता ताईला मागं घरात कुणाजवळ बसायचं नव्हतं. काटा पुसलेला, दिवा लावलेला. समोरून माणसं शेतातून परतत होती, रामराम करत पुढं जात होती.

"चाय ठेवतो," ताई म्हणाली, पण उठली नाही. "बस जराक. ते मोटरीची गोठ सांग. त्याईले सांगे ते."

मी सांगितली. भाऊजी जिथं हसायचे, तिथं सवयीनं थांबलो.