पेट्या सरकवल्या त्या दिवशी

धाकटी बहीण तीन दिवसांच्या तापाने गेली. पाचव्या दिवशी दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीने गच्चीवर शोकसभा ठेवली. तिच्या मधमाश्यांच्या चार पेट्याही तिथेच होत्या. अध्यक्ष मला जिन्यात म्हणाले, “सभा हो जाए, फिर इन बक्सों का भी सोचते हैं. अब कौन देखेगा?” मी होकारार्थी मान हलवली. पेट्या राहाव्यात एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

पहिली पेटी आली तेव्हा ती नववीत होती. महाराष्ट्र मंडळाच्या युवा गटात प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी तक्ते रंगवले. तिने सोनीपतकडच्या मोहरीच्या शेतातून पेटी आणली.

“ताई, वर ये ना, बघ तरी.”

“चावतील,” मी हातातल्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

“पुस्तकातल्या चावत नाहीत. बस मग तिथेच.”

पुढे कुणाच्या बाल्कनीत पोळं लटकलं की धूर करायच्या आधी लोक तिला हाक मारू लागले. मग लिफ्ट बंद पडली तरी तिलाच. सव्विसाव्या वर्षी ती सोसायटीची सेक्रेटरी झाली. मला ते खालच्या नोटीस बोर्डावरून कळलं.

सभेच्या दिवशी पहाटे, माश्या गारठ्याने आत असताना, गार्डला घेऊन मी पेट्या पाण्याच्या टाकीमागे नेल्या. खुर्च्यांना जागा हवी होती. कुणाला त्रास झाला नाही तर पेट्या राहतील, असं मला वाटत होतं.

दुपारी लोक येऊन बसले तेव्हा पहिल्या रांगेवर माश्या घोंगावत होत्या. शेकडो. तिच्या फोटोवर, हारावर, अध्यक्षांच्या खांद्यावर. टाकीकडे एकही वळत नव्हती. जिथे काल पेट्या होत्या तिथेच सगळ्या फिरत होत्या. माझ्याच हाताने मी सगळं संपवलं होतं.

पण कुणी पळालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, पार्किंगवरून तिच्याशी कायम भांडणाऱ्या, शांतपणे म्हणाल्या, “बक्से किसने हटाए? ये तो जगह से घर पहचानती हैं.” त्यांनी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली. आधी पेट्यांची दारं कापडाने बंद करा, असं मागून कुणी सांगितलं. खुर्च्या बाजूला झाल्या. चौघं मिळून एकेक पेटी उचलत होते आणि जुन्याच विटांवर ठेवत होते. “मुँह पूरब को,” एक जण म्हणाला. एक कड अध्यक्षांनी धरली होती.

मी कठड्याला टेकून उभी राहिले. हे सगळं तिने यांना कधी सांगितलं? आमच्या दोघींच्या पलंगांत दोन हातांचं अंतर होतं.

दारांवरची कापडं काढली, तशा माश्या आत शिरू लागल्या. अध्यक्ष हात झटकत माझ्याजवळ आले.

“ये यहीं रहेंगे,” ते म्हणाले. “बेटा, आपको नहीं पता था?”

“नाही,” मी मराठीतच म्हणाले.