पूल आधी, घरं नंतर

नोरीन ट्रेलोरचा शब्द आमच्या बुलांगा गावात कधी कोणी तपासून पाहिला नव्हता. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. मी शाळेच्या कचेरीत बसते, बसच्या याद्या माझ्याकडे असतात, त्यामुळे आमचं रोजचं बोलणं. शिवाय आम्ही दोघी नदीच्या पश्चिम काठावरच्या, एकमेकींच्या शेजारी. शाळा, दवाखाना, दुकानं सगळं पूर्वेला. पश्चिमेला आमची अठ्ठावन्न घरं, आणि मध्ये लाकडी पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा.

तिच्या शब्दाला वजन आलं ते पुराच्या वर्षी. पाणी पुलाच्या फळ्यांना खालून लागलं होतं, वर अजून आलं नव्हतं. पलीकडे आईबाप हात हलवून ओरडत होते, "ये गं, ये, जाईल बस!" बसमध्ये एकोणीस मुलं. नोरीननं दोन मिनिटं पाण्याकडे पाहिलं आणि बस मागे घेतली. मुलं दोन दिवस शाळेच्या हॉलमध्ये राहिली. पलीकडून फोनवर तिला काय काय ऐकावं लागलं ते मी ऐकलंय, फोन माझ्याच टेबलावर होता. गाई पाळणाऱ्या मर्व्ह केसलनं तर तिला भित्री म्हातारी म्हटलं, आणि तेव्हा ती पंचेचाळीसचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिलं तर पुलाच्या मधल्या फळ्या जागेवर नव्हत्या. मर्व्ह त्यानंतर कितीतरी महिने तिच्या फाटकावर दुधाचा कॅन ठेवून जात होता, एक शब्द न बोलता.

पुढे शहरातली माणसं गावात यायला लागली. माझ्या याद्याच सांगत होत्या. दर सत्राला वर्गात चार खुर्च्या वाढायच्या. घरं मात्र नव्हती. नवीन गणिताचा मास्तर मोटेलात राहायचा. दवाखान्यातली नर्स मारिसेल दोन मुलींना घेऊन नदीकाठच्या तळावर कॅराव्हॅनमध्ये राहायची आणि सकाळी ओले केस घेऊन कामावर यायची. नोरीनची स्वतःची मुलगी टेगन परत यायचं म्हणत होती, तिलाही घर मिळेना.

म्हणून कौन्सिलनं ठरवलं की पश्चिमेच्या काठावर, जुन्या गोठ्यांच्या कुरणावर, चारशे घरं बांधायची. आम्ही अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न घरांनी हरकतीची पत्रं दिली. कोणाला शेजारी नको होते असं नाही. तो एक पूल होता आमच्याकडे, आणि त्यावरून अजून चारशे घरांच्या गाड्या जाणार होत्या. आमच्या हरकती असेपर्यंत प्रकरण न्यायाधिकरणात अडकणार होतं.

तेव्हा लॅचलन पेनरोझ नोरीनकडे आला. कौन्सिलमध्ये रस्ते आणि पूल तोच बघायचा. पण आमच्यासाठी तो लॅची, आठ वर्षं नोरीनच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसणारा, कारण मागे बसलं की त्याला उलटी व्हायची. रविवारची दुपार होती. मीही तिथंच होते, चहाबरोबरच्या स्कोनला लोणी लावत.

"मिसेस टी, अजून तश्शाच," तो आत येत म्हणाला.

"तू नाहीस. पोट सुटलंय तुझं. बस."

त्यानं टेबलावर नकाशा पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अट क्रमांक चौदा. नवी साठ घरं होईपर्यंत ठीक, एकसष्टावं घर उभं राहण्याआधी नवा पूल. दोन पदरी, पुराच्या पाण्याच्या वर, शेजारी मुलांना चालायला वाट.

"पूल आधी, घरं नंतर," तो म्हणाला. "मी स्वतः लिहिलंय हे."

"आणि उद्या तुमच्यातल्याच कोणी खोडलं तर?"

"मी आहे ना तिथं. तुम्हाला फसवून मला या गावात राहता येईल का?"

नोरीननं तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाली, "माणसांना घर तर पाहिजेच रे. ती मारिसेल कॅराव्हॅनमध्ये हिवाळा काढतेय, मला बघवत नाही."

तीन आठवडे ती घरोघर फिरली. बस डेपोत लावली की निघायची. कुठं चहा, कुठं शिव्या. मर्व्हनं तिला तासभर फाटकाबाहेर उभं ठेवलं.

"कौन्सिलवर भरवसा ठेवू म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"कौन्सिलवर नको ठेवू. माझ्यावर ठेव."

मर्व्हनं खिशातून पेन काढलं. अठ्ठावन्न हरकती मागे घेतल्या गेल्या. शेवटची माझी होती. ती फक्त आळसामुळे राहिली होती.

घरं भराभर वर आली. पहिल्या काही घरांपैकी एकात मारिसेल राहायला आली. तिनं नोरीनला जेवायला बोलावलं, मोठ्या पातेल्यात शेवयांसारखे नूडल्स केले होते, आणि नोरीन तिच्या मुलींच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी राहिली. टेगनलाही तिथंच घर मिळालं. ते वर्ष नोरीनच्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. ती तसं म्हणालीही होती.

मर्व्ह मात्र रोज कुत्रा फिरवताना छपरं मोजायचा. "अठ्ठेचाळीस वर्षं गाई मोजल्या," म्हणायचा. "गाई निदान माझ्या होत्या." एका सकाळी तो बसच्या थांब्यावर येऊन उभा राहिला.

"एकसष्टावं छप्पर चढलं, नॉर. पुलाचा एक खांबसुद्धा दिसत नाही."

"चुकला असशील मोजायला."

"मी?" मर्व्ह म्हणाला. "मी?"

नोरीननं लॅचीला फोन केला. तो म्हणाला, तांत्रिक बाब आहे, पूल यादीत आहे, काळजी नसावी. महिन्याभरात पंच्याहत्तर झाली. मग शंभर. तो फोन घेईनासा झाला. ती कौन्सिलच्या कचेरीत गेली, समोरच्या मुलीनं सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. असं बरेचदा झालं. शेवटी तिनं सभांची जुनी इतिवृत्तं मागितली आणि तिथंच बाकावर बसून वाचली.

जानेवारीत, निम्मं गाव सुट्टीला समुद्रावर गेलेलं असताना, एका सभेत अट क्रमांक चौदा बदलली होती. साठच्या जागी तीनशे साठ. असा बदल करायचा तर हरकतदारांना कळवावं लागतं. पण हरकतदार कोणी उरलाच नव्हता. सगळ्यांनी हरकती मागे घेतल्या होत्या, तिच्या सांगण्यावरून.

ती तिथून सरळ माझ्याकडे आली. टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, बसली नाही. "माझ्यामुळे कोणाला कळवावंच लागलं नाही, ग्लेनिस," म्हणाली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पुलाचं व्हायचं ते झालं. विटा आणि सिमेंटचे ट्रक दोन वर्षं त्यावरून गेले होते. तपासणी झाली आणि बारा टनांहून जड वाहनाला बंदीची पाटी लागली. भरलेली बस त्यापेक्षा जड. सोमवारी सकाळी नोरीननं बस पूर्वेच्या टोकाला उभी केली आणि पश्चिमेची मुलं पावसात, दप्तरं डोक्यावर धरून, पुलावरून चालत आली. बाजूनं गाड्या जात होत्या, कारण गाड्या हलक्या. आईबाप पलीकडे छत्र्या घेऊन उभे होते. या वेळी कोणी ओरडलं नाही. पण मुलांना सोडून परत फिरताना बऱ्याच जणांनी तिच्या बसकडे पाहिलं, आणि तिनं हात वर केला तरी कोणी हात केला नाही. मी पाहत होते, मीही त्याच पुलावरून चालत आले होते.

सत्र संपलं तेव्हा पश्चिमेचा मार्ग तिच्याकडून काढून छोट्या व्हॅनच्या ठेकेदाराला दिला गेला. त्या बदलासाठी जुन्या याद्या हव्या होत्या म्हणून मी फाइल काढली. फाइलमध्ये कौन्सिलचं एक पत्र होतं. शाळेला विचारलं होतं, चारशे घरं होतील आणि सध्याचा पूल पुढची दहा वर्षं तसाच राहील असं धरून, पश्चिमेच्या मुलांना किती छोट्या व्हॅन लागतील? खाली लॅचलन पेनरोझची सही. तारीख पाहिली. नोरीनच्या टेबलावर नकाशा पसरण्याच्या तीन आठवडे आधीची.

पत्राला माझं उत्तर जोडलेलं होतं. सात व्हॅन. माझी सही, शाळेचा शिक्का.

मी ते पत्र वाचलं होतं. आकडे भरले आणि पाठवलं, जशी दिवसाला वीस पत्रं पाठवते. आणि तीन आठवड्यांनी त्याच माणसासमोर बसून स्कोनला लोणी लावलं. त्या दुपारी मला ते आठवलं नाही. की मी आठवू दिलं नाही, कारण बोलणं रंगलं होतं आणि नोरीन खूश होती? खूप विचार केला, अजूनही सांगता येत नाही.

पत्र दडवता आलं असतं. मी ते तिच्याकडे नेलं. तिनं पायरीवरच वाचलं, आधी त्याची सही पाहिली, मग माझी. माझ्या सहीवर तिची नजर थांबली. पण विचारलं एवढंच, "याची प्रत मिळेल का?"

शनिवारी मैदानावर फुटबॉलचा सामना होता. लॅची क्लबच्या शेगडीवर सॉसेज भाजत होता, हातात चिमटा, अंगावर एप्रन, समोर दहाबारा जणांची रांग. नोरीन रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला.

"कांदा घालू, मिसेस टी?"

तिनं पत्र पुढे धरलं. "माझ्या घरी आलास तेव्हा तुला माहीत होतं?"

त्यानं पत्र पाहिलं. "इथे नको."

"तुझ्या ऑफिसात किती वेळा आले ते त्या मुलीला विचार. माहीत होतं?"

लॅचीनं एक सॉसेज उलटं केलं, मग परत उलटं केलं. "घरं लागत होती हो," तो हळू म्हणाला. "पुलासाठी थांबलो असतो तर तिथं आजही गवत असतं. तुमची टेगन कुठं राहिली असती?"

"मग तसं सांगायचंस. पूल नाही, पण घरं हवीत. मी तेच दारोदार सांगितलं असतं."

"एकानंही सही केली नसती."

"नसती केली तर नसती केली."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो." हे बोलून तो स्वतःच दचकला असावा, कारण घाईनं म्हणाला, "म्हणजे, तुमचं लोक ऐकतात..."

"आठ वर्षं," नोरीन म्हणाली, "तुला उतरवलं की तू फाटकातून आत जाईपर्यंत मी बस हलवली नाही."

तिनं पत्राची घडी घातली आणि गेली. रांगेतल्या मर्व्हनं हातातला पावाचा काप टेबलावर ठेवला आणि तोही गेला. बाकीचे थांबले. भूक लागली होती, आणि लॅचीशी उद्या काम पडणारच होतं.

नंतर नोरीननं जे केलं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. ती पुन्हा त्याच अठ्ठावन्न घरांत गेली. पत्राची प्रत प्रत्येक दारात दाखवली आणि सांगितलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मी." काहींनी आत बोलावलं. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईनं तिला सुनावलं की माफी मागून पूल बांधता येत नाही. मर्व्ह म्हणाला, "मी पेन माझ्याच खिशातून काढलं होतं, नॉर. घरी जा, पाय दुखत असतील."

नव्या घरांतही गेली, तिकडे जायची गरज नसताना. मारिसेलनं तिला एक रंगीत पत्रक दाखवलं, घर घेताना मिळालेलं. त्यावर नदी होती, झाडं होती, आणि पांढराशुभ्र दोन पदरी पूल.

"आम्हाला वाटलं, झालाच असेल," मारिसेल म्हणाली. "इथं आल्यावर मी मुलींना विचारलं, पूल कुठाय?" तिला हसू आलं. नोरीनला आलं नाही.

टेगनशी तिचं भांडण झालं. टेगनचं म्हणणं, आई, सगळ्या गावासमोर तू माझ्या घराला चूक ठरवलंस. नोरीनचं म्हणणं, घराला नाही गं. ते मिटलं, पण रविवारी नोरीन नातवाला भेटायला जाते तेव्हा टेगन घराच्या कुठल्याच कामाबद्दल बोलत नाही.

लॅचीला पुढच्या वर्षी मोठ्या शहरात मोठी नोकरी लागली. पूल यादीत आहे. किती क्रमांकावर, ते दर वर्षी बदलतं. मुलं सात व्हॅनमधून येतात, माझा आकडा बरोबर निघाला.

माझ्या दारातही ती आली होती. मला वाटलं, आता बोलेल, आणि मी बोलायची तयारी केली होती. तिनं पत्राची प्रत पुढे धरली, मीच दिलेल्या पत्राची, आणि इतरांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत मला सांगितलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्हाला म्हणाली. बावीस वर्षांत ती मला कधी तुम्ही म्हणाली नव्हती.

"नॉर, आत ये. चहा ठेवते."

"अजून अकरा घरं राहिलीत," ती म्हणाली.

आता आम्ही बोलतो. फाटकावर, हवेबद्दल, मर्व्हच्या गुडघ्याबद्दल. कधीकधी हसतोही. पण पायरी चढून ती आत येत नाही, आणि मला पुन्हा बोलवायचा धीर होत नाही.