ठाण्याची टिकटिक

दुसऱ्या महायुद्धात हे लढाईवर होते तेव्हा मी गेवराईला सासरी राहत होते. आफ्रिकेतून शेवटची खुशाली आली, त्यानंतर काहीच नाही. मामंजींकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तव्यावरची भाकरी तशीच टाकून दाराशी येऊन बसत.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या पोलीस ठाण्यात बिनतारी यंत्र आलं. नेमकं बातम्यांच्या वेळीच ते सुरू होई आणि आमच्या रेडिओत टिक-टिक, टिर्र-टिक असा नुसता भडिमार. ‘आपल्या फौजेनं’ एवढं कानावर पडे, फौजेनं काय केलं ते त्यात बुडून जाई.

मामंजी ठाण्यात जाऊन आले. “जमादार म्हणतो, सरकारी काम हाय, बंद कसं करू?”

“आन् माझं लेकरू कुन्या सरकारच्या कामाला गेलंय?” आत्याबाई म्हणाल्या.

त्या जेवेनाशा झाल्या. मलाही एका जागी बसवेना. घागर भरलेली असली तरी मी नदीवर जाई.

मामंजी कामासाठी औरंगाबादला गेले, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुना कंडेन्सर, म्हणजे रेडिओतला फिरवायचा एक भाग, आणि तांब्याची तार घेऊन आले. एरियलची तार रेडिओत शिरते तिथं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि कंडेन्सर मधे जोडायचं. कंडेन्सर फिरवत गेलं की एका जागी ठाण्याचा आवाज अडतो, बाकीचे आत येतात, असं त्यानं सांगितलं होतं. पुठ्ठ्याच्या नळीवर तार मी गुंडाळली. वेढ्याला वेढा लावून. जोडलं, फिरवलं. टिकटिक गेली, पण तिच्याबरोबर बातम्याही गेल्या; रेडिओच मुका झाला.

“फुकट गेलं समदं,” मामंजी उठले.

मी तार पुन्हा निरखली. तिच्यावर वार्निश होतं, त्यातून वीज जात नाही, आणि मी ते तसंच ठेवून टोकं जोडली होती. विळीवर टोकं खरवडली, तांबं चकाकलं, तशी परत जोडली. ठाण्याचं यंत्र चालूच होतं. मी कंडेन्सर तीळ-तीळ फिरवू लागले. टिकटिक बारीक होत गेली, लांब गेली, आणि खोलीत एकदम निवेदकाचा स्वच्छ आवाज आला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. कुठलंसं गाव घेतलं होतं. आमचे जवान शौर्यानं लढले होते.

“त्याचं नाव घेतलं का गं?”

“न्हाई, आत्याबाई.”

“कावून न्हाई?”

इतके दिवस वाटायचं, त्या गोंगाटातच ह्यांची खबर हरवतेय. आता एकेक शब्द कळत होता आणि जीव जास्तच टांगणीला लागला. तरी रोज ऐकत राहिलो.

लढाई संपल्यावर हे धडधाकट परत आले. आत्याबाईंनी कौतुकानं रेडिओ लावला. बातम्यांत लढाईचं नाव निघताच हे चपला घालून शेताकडे निघून गेले.